आधी खालची ओळ

अरे, बाकीचं विसरलास तरी चालेल, पण हे एवढं ऐक. एकाच फाइलीत तीन-चार ठिकाणी नवा मजकूर घालायचा असेल तर सगळ्यात खालच्या जागेपासून सुरुवात करायची. शेवटची जागा आधी, मग तिच्या वरची, असं करत डोक्याकडे यायचं. मला हे सांगणारे साहेब पंच कार्डांच्या जमान्यातले. त्यांनी ते ट्रॉम्बेत कुणाकडून ऐकलेलं. आता तू बोईसरला लागलास आणि लेबलांच्या फाइली तुझ्याकडे आल्या, तेव्हा आत्याकडून तुझ्याकडे.

कारण समजून घे, नाहीतर नियम पाठ होईल आणि ऐन वेळी उलटा वापरशील. तू रोज ज्या शटलने येतोस तिची स्थानकं एका फाइलीत लिहून काढ, एका ओळीवर एक. १ विरार, २ वैतरणा, ३ सफाळे, ४ केळवे रोड, ५ पालघर, ६ उमरोळी, ७ बोईसर, ८ वाणगाव, ९ डहाणू रोड. चौपदरीकरणाच्या आराखड्यात मधे नवी स्थानकं धरलेली आहेत, त्यातली तीनच घेऊ. वाढीव येतं वैतरणा आणि सफाळ्याच्या मधे, माकुणसार सफाळे आणि केळव्याच्या मधे, वांजरवाडा बोईसर आणि वाणगावच्या मधे. म्हणजे तुझ्या कागदावर लिहिलेलं असणार: २ नंतर वाढीव, ३ नंतर माकुणसार, ७ नंतर वांजरवाडा.

वरून सुरू केलंस तर काय होतं बघ. वाढीव २ नंतर गेलं, ठीक. पण त्याबरोबर सफाळे तिसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर सरकलं आणि तिसऱ्या ओळीवर वाढीव येऊन बसलं. तुझी स्क्रिप्ट कागदावरचं बघून ३ नंतर माकुणसार घालते, आणि माकुणसार सफाळ्याच्या अलीकडे येतं. आता सातव्या ओळीवर कोण आहे? पालघर. वांजरवाडा गेलं पालघर आणि उमरोळीच्या मधे. स्क्रिप्टने एका शब्दानेही तक्रार केली नाही. नऊच्या बारा ओळी झाल्या, म्हणजे मोजणीही जमली. फक्त दोन स्थानकं भलत्याच जागी.

खालून जा. ७ नंतर वांजरवाडा घातलंस तर हललं काय? वाणगाव आणि डहाणू. त्यांच्याशी आता तुला कर्तव्य नाही. मग ३ नंतर माकुणसार, मग २ नंतर वाढीव. प्रत्येक वेळी वरचा भाग जसाच्या तसा, आणि तुझे पुढचे आकडे वरच्याच भागातले. दुसरा उपाय म्हणजे आतापर्यंत किती ओळी घातल्या ते धरून आकडा वाढवत जाणं: २, मग ३ अधिक १, मग ७ अधिक २. तोही बरोबरच आहे. पण एका ठिकाणी दोन ओळींचा मजकूर आला आणि दुसऱ्या ठिकाणी पाच ओळींचा, की ती बेरीज रात्रपाळीत कोण करणार? मला खालून वर आवडतं, कारण त्यात बेरीजच नाही.

ही काही माझ्या साहेबांची शोधून काढलेली युक्ती नव्हे. दोन फाइलींतला फरक दाखवणारी डिफ नावाची जुनी आज्ञा आहे, बेल लॅब्समधली, डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांची. तिला ई हा पर्याय दिलास तर ती फरक अशा रूपात देते की तो थेट ईडी या संपादकाला भरवता येतो. ते एकदा करून बघ. त्यात शेवटचा बदल पहिला लिहिलेला असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांनीही हेच केलं. आणि तो ईडी केन थॉम्पसनने लिहिला १९६९ मध्ये, ज्या साली आपल्याकडे तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या वीज देऊ लागल्या. मला हा योगायोग उगीचच आवडतो.

एक पोटनियम यातच सांगून टाकते, नाहीतर तू मला उलट विचारशील. सेड हा ओळी बदलणारा प्रोग्राम वापरलास आणि सगळे बदल एकाच वेळी, एकाच आज्ञेत दिलेस, तर वरून-खालून काही फरक पडत नाही. सेड फाइल वरून खाली एकदाच वाचतो आणि ओळी मोजतो त्या आत येणाऱ्या फाइलीच्या. बाहेर त्याने काय काय जास्त लिहिलं ते तो मोजत नाही. त्यामुळे २, ३, ७ हे मूळ आकडेच एका दमात द्यायचे. घोळ होतो तो तीनदा वेगवेगळा चालवलास तर, कारण दुसऱ्या वेळी त्याच्या हातात आधीच बदललेली फाइल असते. सेडच्याच जातीच्या ऑकचंही तसंच. पायथनमध्ये मात्र सगळ्या ओळी यादीत घेऊन तू एकेक घुसवत जातोस, यादी तुझ्या डोळ्यांदेखत वाढत असते, तिथे खालून वर हवंच.

सेडची चार अक्षरं लक्षात ठेवलीस की बहुतेक काम होतं. ओळीच्या आकड्याला चिकटून आय लिहिलंस तर मजकूर त्या ओळीच्या आधी, ए लिहिलंस तर नंतर, सी लिहिलंस तर ती ओळ जाऊन तिच्या जागी नवी, आणि आर लिहून फाइलीचं नाव दिलंस तर त्या फाइलीतला सगळा मजकूर त्या ओळीनंतर. मजकूर दोन-तीन ओळींपेक्षा मोठा असेल तर आरच वापर. आज्ञेच्या आत अवतरणचिन्हं आणि उलट्या रेघा कोंबत बसण्यापेक्षा मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवलेला बरा, तो दुसऱ्या कुणाला वाचूनही बघता येतो. पायथनची यादी शून्यापासून मोजते हे तुला कॉलेजात शिकवलं असेलच. त्यामुळे तिथे इन्सर्टला ७ दिलंस की मजकूर सात ओळींनंतर, आठव्या जागी बसतो. ‘नंतर’ म्हणायचं असेल तर आकडा तोच, ‘आधी’ म्हणायचं असेल तर एक कमी.

आता मुद्द्याचं. आकडा हा फाइलीतला सगळ्यात कच्चा पत्ता आहे. तू मोजलास त्या क्षणी तो खरा असतो, त्यानंतर कुणीही त्या फाइलीला हात लावला की तो गेला. आपल्या एमआयडीसीत हे सगळ्यांनी एकदम पाहिलं ते क्यूआर कोडच्या वेळी.

औषधांचा कच्चा माल, म्हणजे आपण ज्याला बल्क ड्रग म्हणतो, त्याच्या प्रत्येक पातळीच्या पॅकिंगवर क्यूआर कोड हवा असा नियम केंद्राने जानेवारी २०२२ मध्ये काढला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची किंवा पुनर्तपासणीची तारीख, परवाना क्रमांक, साठवणुकीच्या अटी, असं बरंच काही त्या कोडमध्ये जायला हवं. तारापूरच्या पट्ट्यात बल्क ड्रगचे कारखाने किती ते तुला माहीत आहे. प्रत्येकाकडे लेबलांच्या ढीगभर फाइली. प्रत्येक मालाची वेगळी, निर्यातीच्या देशाप्रमाणे वेगळी, ड्रमची वेगळी, आतल्या पिशवीची वेगळी. त्या सगळ्यांत त्याच दोन-चार ओळी घालायच्या. हाताने करायचं म्हटलं तर महिनाभराचं काम आणि चुकांची हमी. म्हणून स्क्रिप्ट.

बारकोड प्रिंटरची झेडपीएल ही भाषा तू बघितली असशील. लेबल कॅरेट-एक्सएने उघडतं आणि कॅरेट-एक्सझेडने बंद होतं. मधे प्रत्येक मजकुराला एफओने जागा सांगायची, एफडीने मजकूर द्यायचा, एफएसने संपवायचा. क्यूआरसाठी बीक्यू. कागदावर कोड कुठे छापला जाईल हे एफओच्या आकड्यांवर ठरतं, फाइलीत ती ओळ कितवी आहे यावर नाही. २०३ डीपीआयच्या प्रिंटरवर एका मिलिमीटरला आठ ठिपके, तेवढा हिशेब केला की झालं. म्हणजे क्यूआरच्या ओळी उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या मधे कुठेही चालतात, बंद होण्याच्या नंतर मात्र अजिबात चालत नाहीत.

एका कारखान्यात, नाव कशाला घेऊ, बाहेरून आलेल्या माणसाने एक फाइल उघडून मोजलं, बारावी ओळ बरोबर आहे असं ठरवलं आणि सगळ्या फाइलींवर ‘बारा नंतर घाल’ असं चालवून दिलं. ज्या फाइली दहा ओळींत संपत होत्या त्यांत काहीच गेलं नाही. सेडला बारावी ओळ दिसलीच नाही, आणि ओळ न सापडणं ही त्याच्या लेखी चूक नाही, तो यशस्वी झाल्याचंच सांगतो. काही फाइलींत बाराव्या ओळीच्या आधीच एक्सझेड होता, तिथे क्यूआर बंद दाराबाहेर राहिला आणि प्रिंटरने तो मुकाट सोडून दिला. काही फाइलींत एकामागून एक दोन लेबलं होती, ड्रमचं आणि पिशवीचं, त्यातल्या एकालाच कोड मिळाला. हे सगळं कळलं माल ट्रकमध्ये चढताना.

म्हणून आकड्याने जाऊ नकोस, शेजाऱ्याने जा. ‘बारावी ओळ’ म्हणू नकोस, ‘प्रत्येक एक्सझेडच्या आधी’ म्हण. मग फाइल दहा ओळींची असो की चाळीस, लेबलं दोन असोत की चार, मजकूर जिथे बसायला हवा तिथेच बसतो. सेडमध्ये आकड्याच्या जागी दोन तिरक्या रेघांमध्ये शोधायचा शब्द लिहायचा, बाकी आज्ञा तीच. पण इथे एक खड्डा आहे, झेडपीएलवर काम करणारा प्रत्येक जण त्यात एकदा पडतो. कॅरेटला शोधाच्या भाषेत स्वतःचा अर्थ आहे: ओळीची सुरुवात. तू साळसूदपणे कॅरेट-एक्सझेड शोधलंस तर सेड शोधतो ‘ज्या ओळीची सुरुवात एक्सझेडने होते ती’. तुझी ओळ सुरू होते कॅरेटने. सापडत नाही, आणि वर सांगितलं तसं, न सापडल्याचं तो सांगतही नाही. कॅरेटच्या आधी उलटी तिरकी रेघ दे. पॉवरशेलच्या मॅचलाही हेच लागू.

शेजारी निवडताना तो एकमेव आहे ना ते बघ. एफएस प्रत्येक फाइलीत वीस-वीस वेळा येतो, तो काय कामाचा? आधी फक्त मोजायला लाव: हा शब्द प्रत्येक फाइलीत किती वेळा येतो. शब्द शोधणाऱ्या ग्रेपला सी हा पर्याय दिलास की तो किती ओळींवर आहे ते कळतं. ज्या फाइलींत उत्तर शून्य आलं आणि ज्यांत अपेक्षेपेक्षा जास्त आलं, त्या बाजूला काढून डोळ्यांनी बघ. माझं प्रामाणिक मत विचारशील तर स्क्रिप्ट लिहिण्यापेक्षा या बाजूला काढलेल्या फाइली बघण्यात जास्त वेळ गेला पाहिजे. तिथेच कळतं की कुणीतरी जुन्या काळी पूर्ण लेबल एकाच लांब ओळीत लिहून ठेवलंय. प्रिंटरला एंटरचं काही पडलेलं नसतं, त्याला ते चालतं. पण तुझी ‘ओळीच्या आधी’वाली स्क्रिप्ट क्यूआर नेऊन ठेवणार एक्सएच्याही आधी, कारण उघडणं आणि बंद होणं एकाच ओळीवर. अशा फाइलींना ओळ घालायची नसते, ओळीच्या आत बदलायचं असतं, ते वेगळं काम. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि वेगळ्या कर.

हीच शेजाऱ्याची गोष्ट लॅरी वॉलच्या पॅच या प्रोग्राममध्ये आहे, १९८५ पासून. पॅचच्या फाइलीत बदलाबरोबर आजूबाजूच्या दोन्हीकडच्या ओळीही असतात, बहुधा तीन-तीन. ओळींचे आकडे सरकले असले तरी पॅच त्या शेजाऱ्यांना शोधत जातो, सापडले की तिथे बदल करतो आणि इतक्या ओळी सरकून सापडलं असं सांगतो. नाही सापडले तर नाकारतो आणि नाकारलेला भाग वेगळ्या फाइलीत ठेवतो. नाही म्हणता येणारं हत्यार मला नेहमी जास्त भरवशाचं वाटलं आहे. तुझ्या स्क्रिप्टलाही नाही म्हणायला शिकव: खूण सापडली नाही तर फाइलीचं नाव छापून थांब, पुढे जाऊ नकोस.

आणि ती दोनदा चालली तर? चालणारच. पहिल्या पाळीने चालवली, निरोप नीट गेला नाही, दुसऱ्या पाळीने पुन्हा चालवली. त्याच ओळी फाइलीत दोनदा बसतात. म्हणून घातलेल्या मजकुराच्या वर एक टिपणीची ओळ घालायची. झेडपीएलमध्ये टिपणीसाठी एफएक्स आहे, ते छापलं जात नाही. त्यात ठरलेला एखादा शब्द लिही. स्क्रिप्टने काही करण्याआधी तो शब्द फाइलीत आहे का बघायचं. असला तर ही फाइल झालेली आहे, पुढची. उद्या नियम बदलला आणि त्या ओळी काढायच्या झाल्या तरी याच खुणेने काढता येतात.

आकडा कुठे चालतो तेही सांगते. पहिली ओळ ही खरोखरच पहिलीच लागते अशा काही जागा आहेत. शेल किंवा पायथनच्या स्क्रिप्टच्या डोक्यावर कुठल्या प्रोग्रामने चालवायचं हे सांगणारी ओळ असते, ती पहिलीच हवी. एक्सएमएलची घोषणा पहिलीच हवी, तिच्यावर एक रिकामी ओळ गेली तरी वाचणारा प्रोग्राम फाइल परत करतो. कुणी सांगितलं की सगळ्या फाइलींच्या डोक्यावर कंपनीचं नाव आणि हक्काची ओळ टाक, तर डोळे मिटून पहिल्या ओळीच्या आधी घालू नकोस. आधी पहिल्या ओळीवर कोण आहे ते विचार. आणि रिकाम्या फाइलीत सेडने पहिल्या ओळीच्या आधी काही घालता येत नाही, कारण तिथे पहिली ओळच नाही. सेड आणि ऑक अनेक फाइली एकदम घेतात तेव्हा मोजणीचंही बघ. सेडला फाइल जागच्या जागी बदलायला सांगितलंस तर प्रत्येक फाइलीची मोजणी एकपासून, नुसतं पडद्यावर दाखवायला सांगितलंस तर पहिल्या फाइलीची मोजणी पुढच्या फाइलीत चालू राहते. म्हणजे तालमीत एक दिसतं आणि प्रयोगात दुसरं होतं. एस हा पर्याय दिलास की दोन्हीकडे सारखं. ऑकमध्ये एनआर सलग मोजतो, एफएनआर फाइलीपुरता.

विंडोजच्या फाइलींना ओळीच्या शेवटी दोन अदृश्य अक्षरं असतात, युनिक्सच्या फाइलींना एकच. आपल्याकडचे सगळे संगणक विंडोजचे, स्क्रिप्ट मात्र गिटबरोबर आलेल्या बॅशमध्ये चालवायची हौस. मग जुन्या ओळी दोन अक्षरांच्या आणि तू घातलेल्या एकाच्या, अशी खिचडी होते. प्रिंटर चालवून घेतो, पण पुढचा कुठला प्रोग्राम चालवून घेईल याचा भरवसा नाही. शिवाय ‘ओळ एक्सझेडवर संपते’ असा शोध घेतलास तर तो सापडत नाही, कारण ओळ त्या न दिसणाऱ्या अक्षरावर संपलेली असते. फाइल कुठल्या जातीची ते आधी बघ आणि घालायचा मजकूर त्याच जातीचा कर. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर फाइलीच्या टोकाला जोडलेला मजकूर त्या ओळीलाच चिकटतो, तेही बघ.

मराठी मजकूर असेल तर अधिक जपून. विक्रीच्या लेबलांवर इंग्रजीच असतं, पण प्लांटमधल्या पाट्या, ‘रिकामा’, ‘धुतलेला’, ‘नाकारलेला माल’, या आता बऱ्याच ठिकाणी मराठीत छापतात, आणि छापायलाच हव्यात, कारण त्या वाचणारा माणूस पास्थळ-सालवडहून येतो. विंडोजबरोबर मिळणारं जुनं पॉवरशेल, ५.१, एन्कोडिंग सांगितलं नाहीस तर बहुधा फाइल युटीएफ-८ नाही असं धरून वाचतं आणि लिहिताना देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं टाकतं. एक ओळ घालायला गेलास तर बाकीच्या ओळींचंही मराठी जाऊ शकतं. वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे एन्कोडिंग सांग. झेडपीएलमध्येही सीआय २८ ही आज्ञा लागते, आणि ती ज्या मजकुरासाठी आहे त्याच्या आधी हवी, म्हणजे एक्सएच्या लगेच खाली. आता तुला एकाच फाइलीत दोन जागी घालायचं आहे, वर सीआय आणि खाली क्यूआर. आकड्यांनी जाणार असशील तर कुठलं आधी घालशील, सांग बघू.

फाइल वाचून तिच्यावरच परत लिहायचं नाही. ऑकचा निकाल बाणाने त्याच फाइलीत वळवलास तर शेल आधी ती फाइल रिकामी करतो, मग ऑकला बोलावतो. ऑक रिकामी फाइल वाचतो आणि रिकामाच निकाल देतो. निकाल नेहमी दुसऱ्या नावाने लिही, तपास, मग नाव बदल. आपल्याकडे लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही. अर्धवट लिहिलेली फाइल असली तर ती दुसऱ्या नावाची असू दे, खरी शाबूत राहू दे. सेडचा जागच्या जागी बदलणारा आय पर्याय आतून हेच करतो. त्याला चिकटून शेपूट दिलंस, बॅकसारखं, तर तो मूळ प्रत त्या शेपटाने ठेवतो, आणि बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या मॅकवरही हा पर्याय तसाच चालतो. पण ती मूळ प्रत फक्त पहिल्या वेळी मूळ असते. दुसऱ्यांदा चालवलंस की पहिल्या बदलाची फाइल तिच्यावर जाऊन बसते. म्हणून सुरू करण्याआधी सगळं फोल्डर तारीख घालून वेगळीकडे ठेवायचं. गिट वापरत असाल तर उत्तमच.

आता जे मी सगळ्यात कडकपणे सांगणार आहे ते. आपल्या धंद्यात ओळ घुसवणं या गोष्टीकडेच संशयाने बघतात, आणि बरोबर बघतात. बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या कागदात, नोंदी झाल्या की उरलेल्या रिकाम्या जागेवर आडवी रेघ मारून सही-तारीख का करतात, कधी विचार केलास? मागाहून तिथे कुणी काही लिहू नये म्हणून. चुकलेला आकडा खोडायचा तोही एकाच रेघेने, खालचं वाचता येईल असा, बाजूला सही आणि तारीख. फाइलीला अशी रेघ मारता येत नाही. तुझी स्क्रिप्ट मधे कुठेही ओळ घालेल आणि वर-खाली काही खूण उरणार नाही. म्हणून दोन प्रकारच्या फाइली मनात कायम वेगळ्या ठेव. लेबलाचा साचा, सेटिंगची फाइल, स्थानकांची यादी: यांत ओळ घालायला हरकत नाही, चेंज कंट्रोलचा फॉर्म भरून, क्यूएची सही घेऊन. तापमानाची नोंद, प्रिंटरचा लॉग, कुणी केव्हा लॉगिन केलं त्याची फाइल: यांत एकही ओळ घालायची नाही, काढायची नाही, सरकवायचीही नाही. रिकाम्या राहिलेल्या वेळेची एक ओळ भरून दे, ऑडिट आहे, असं तुला कधीतरी कुणीतरी म्हणेल. तेव्हा मला येत नाही म्हण. स्क्रिप्ट येते हे त्या माणसाला माहीत असलं तरी तसंच म्हण, आणि मग लेखी मागण्याची भाषा कर, तो बहुधा परत येत नाही.

साच्यांचं काम झालं की तपासणी. ओळींची मोजणी कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. स्थानकांच्या यादीत मोजणी बरोबरच होती. जुन्या आणि नव्या फोल्डरवर डिफ चालव आणि निकाल वाच. सगळ्या फाइलींत तोच बदल केला असेल तर निकालही सगळीकडे तसाच दिसला पाहिजे: तेवढ्याच ओळी वाढलेल्या, एकही ओळ गेलेली किंवा बदललेली नाही. एखाद्या फाइलीत सगळ्याच ओळी बदललेल्या दिसल्या तर ओळीच्या शेवटची अक्षरं किंवा एन्कोडिंग, दोहोंपैकी एक काहीतरी तू हलवलं आहेस. मग प्रत्येक आकाराच्या लेबलाची एक-एक प्रत खरोखर छापून बघ. पडद्यावर छान दिसलेला कोड ड्रमच्या लेबलावर साठवणुकीच्या अटींवर चढलेला असू शकतो, ते डिफला कळत नाही. कोड स्कॅन कर तो प्लांटमधल्या भारी स्कॅनरने नको, साध्या फोनने, आणि थोडा चुरगळलेल्या लेबलावरही कर, कारण ड्रम गोल असतात आणि हमाल काही जपून उचलत नाहीत.

स्क्रिप्टच्या डोक्यावर (पहिल्या ओळीच्या खाली, लक्षात आहे ना) मराठीत लिहून ठेव: कुणाच्या सांगण्यावरून, चेंज कंट्रोलचा नंबर काय, कुठली खूण शोधते, किती फाइली बदलायला हव्यात, कुठल्या बाजूला काढल्या आणि का. मूळ फोल्डर कुठे आहे तेही. पुढच्या पाळीच्या माणसाला फोन करावा लागू नये इतकं लिही. आणि रविवारी चिंचणीला येशील तेव्हा ती एका ओळीतली जुनी लेबलं असतील तर पेन ड्राइव्हवर आणू नकोस, कंपनीच्या फाइली बाहेर न्यायच्या नसतात. एखादं खोटं लेबल तसंच बनवून आण, त्यावर बसून बघू.